धर्मवचनाला तारीख लावताना

१९१७ साली वाईत काही विद्यार्थी जात्यावर बसून लोकांचे दळण दळत होते. गावातली जी घरे गिरणीवरून पीठ आणत, त्यांचे धान्य मागून आणायचे, दोन शेरांना एक पैसा घ्यायचा आणि जमलेला पैसा वाचनालयात घालायचा, असा बेत होता. पंधरा मुले या कामाला लागली. त्यांत खात्यापित्या घरांतली मुलेही होती. ब्राह्मणांच्या मुलांनी गावाचे दळण दळावे हे वाईसारख्या कर्मठ गावाला वेडेपणाचे वाटले. तरीही सुमारे दोन महिने जाते फिरत राहिले आणि वाचनालयात चारशेच्या आसपास पुस्तके आली. हे विद्यार्थी मंडळ काढणारे तरुण होते विनायक नरहर भावे, म्हणजे पुढचे विनोबा. गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे, ब्रह्मसूत्रांवरचे शांकरभाष्य, मनुस्मृती, योगसूत्रे वाचायला आले होते. गुरूपुढे बसून शिकायचे, शिकलेले दुसऱ्यांना शिकवायचे आणि पुस्तकांचा पैसा अंगमेहनतीतून उभा करायचा, असे त्या वर्षाचे स्वरूप होते. गांधीजींना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या सगळ्याचा हिशेब दिला आहे.

त्याच दिवसांत पिंपळनेरहून आलेला लक्ष्मण जोशी नावाचा किशोर त्याच गुरूंकडे शिकत होता. त्याने इंग्रजीचे पहिले धडे विनोबांकडून घेतले. पुढे हेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाले. प्रज्ञानंद सरस्वतींच्या मठातल्या अध्यापनातून वाढलेली वाईची प्राज्ञपाठशाळा आज ज्या कामांसाठी ओळखली जाते, त्यांतली बहुतेक कामे नारायणशास्त्री, लक्ष्मणशास्त्री आणि त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींनी उभी केली. पण त्या कामांची यादी देण्यापेक्षा, त्यांच्या मुळाशी असलेला एक प्रश्न इथे पाहायचा आहे. गावातली माणसे एकत्र बसून आपल्या धर्माचे ग्रंथ वाचू लागली आणि त्याच वेळी आपल्या गावाचा, आपल्या समाजाचा इतिहासही वाचू लागली, तर श्रद्धेचे काय होते? जे वचन सनातन मानले त्याला काळ असतो, ठिकाण असते, सांगणारा माणूस असतो, हे कळल्यावर ते वचन पूर्वीइतकेच बांधील राहते का?

जुन्या पाठशाळेतले वाचन हे मुळात एकट्याचे काम नव्हते. गुरू आणि चार-सहा शिष्य ग्रंथ पुढे घेऊन बसत आणि ‘पंक्ती लावत’. एका वाक्याचा अन्वय लागेपर्यंत, त्यावरच्या शंका संपेपर्यंत पुढचे वाक्य उघडायचे नाही, असा दंडक होता. मीमांसकांनी या वाचनाला रीतसर बांधणी दिली होती. विषय कोणता, संशय कोणता, पूर्वपक्ष काय म्हणतो, सिद्धान्त काय आणि या चर्चेची मागच्यापुढच्या चर्चेशी संगती कशी, या पाच अंगांनी एकेक अधिकरण, म्हणजे एका मुद्द्याची चर्चा, चालते. यातले सर्वांत मोलाचे अंग पूर्वपक्षाचे. आपल्याला न पटणारे मत, ते मानणाऱ्यालाही समाधान वाटेल अशा ताकदीने आधी मांडायचे आणि मगच त्याला उत्तर द्यायचे. आजच्या कोणत्याही अभ्यासमंडळाला ही शिस्त उसनी आणावी लागत नाही. ती इथल्याच वाचनपरंपरेत आहे आणि ती विसरली गेली हे मोठे नुकसान आहे.

पण याच मीमांसेत एक अडचण बसलेली आहे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत. त्यांना कर्ता नाही, म्हणून त्यांना आरंभही नाही. ज्याला कर्ताच नाही त्याला चरित्र कुठून असणार? वेदात एखाद्या नदीचे किंवा माणसाचे नाव आले तरी मीमांसक ते ऐतिहासिक मानायला तयार नसतो. नारायणशास्त्री मराठे हे या शास्त्राचे गाढे अधिकारी. संन्यास घेतल्यावर केवलानंद सरस्वती या नावाने त्यांनी सात खंडांचा मीमांसाकोश सिद्ध केला. आणि त्यांच्याच पाठशाळेतून धर्मकोश निघाला. या कोशात एकेका विषयावरची धर्मशास्त्राची वचने गोळा करून ती कालानुक्रमाने लावलेली आहेत. आधी वेद, मग सूत्रे, मग स्मृती, मग पुराणे आणि टीका-निबंध. अपौरुषेयतेचा सिद्धान्त शिकवणाऱ्या घरातून धर्माचा इतिहास डोळ्यांना दिसेल अशी मांडणी बाहेर पडली. महाराष्ट्राच्या विचारविश्वात विसाव्या शतकात घडलेल्या फार महत्त्वाच्या गोष्टींत ही एक आहे, आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

त्याआधी शास्त्रार्थ कसा चाले, याचे उदाहरण पुण्यात मिळते. १८७० साली विधवाविवाहाच्या प्रश्नावर पुण्यात शंकराचार्यांपुढे वाद झाला. एका बाजूला विष्णुशास्त्री पंडित आणि पुनर्विवाहाचे पुरस्कर्ते, दुसऱ्या बाजूला सनातनी शास्त्री. पुनर्विवाहाला आधार म्हणून दाखवल्या जाणाऱ्या पराशरस्मृतीतल्या वचनाचा अर्थ काय, दुसऱ्या स्मृतींशी त्याचा मेळ कसा घालायचा, यावर दिवसच्या दिवस खल झाला आणि निर्णय सुधारकांच्या विरुद्ध गेला. दोन्ही पक्ष एकाच पद्धतीने लढत होते. सगळी वचने जणू एकाच दिवशी, एकाच मुखातून निघाली आहेत असे गृहीत धरायचे आणि मग त्यांची एकवाक्यता करायची. अशा लढाईत जो जास्त वचने आणील आणि जास्त चतुराईने जुळवील तो जिंकतो. वचन केव्हा आले, कोणत्या समाजात आले, आधी काय होते आणि नंतर काय बदलले, हे प्रश्न त्या सभेत विचारायला जागाच नव्हती.

ही जागा नंतर कशी तयार झाली, हे समजण्यासाठी पुन्हा वाईलाच यावे लागते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. त्यातली १७५० ते १७६१ या काळातली, पानिपतापर्यंत पोचणारी पत्रे वाईतल्या एका जुन्या दप्तरात सापडली होती. या मालेचे पुढे बावीस खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. मंडळाच्या पाक्षिक सभांत कुणी आपल्या गावच्या देवळावरचा लेख वाचून दाखवी, कुणी वतनाचा कागद आणी, कुणी मोडीतला महजर उलगडी. शिक्षक, वकील, इनामदार, कारकून अशी माणसे त्यात होती; पदवीधर इतिहासकार थोडेच. कागद खरा की बनावट, तारीख शक-संवत्सराशी जुळते की नाही, लिहिणाऱ्याचा त्यात स्वार्थ काय, असे प्रश्न विचारण्याची सवय या सभांनी शेकडो घरांत पोचवली. आपल्या आजोबांच्या सनदेलाही हे प्रश्न विचारायचे असतात हे ज्याला एकदा कळले, त्याच्या मनात स्मृतिग्रंथाबद्दल तेच प्रश्न उठायला फार वेळ लागत नाही. राजवाड्यांच्या स्वतःच्या मनात ते उठले. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावरच्या त्यांच्या लेखनाने लोक इतके बिथरले, की ज्या नियतकालिकात ते येऊ लागले होते तिथे ते पुढे छापता आले नाही.

तर मग, स्मृतीला असे प्रश्न विचारणे म्हणजे बाहेरून, पाश्चात्त्य विद्येतून आणलेले शस्त्र आहे का? सनातनी पक्षाचा हा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. त्याचे उत्तर मीमांसेतच मिळते. जैमिनीच्या सूत्रांत स्मृतीच्या प्रामाण्याची चर्चा आहे. स्मृतीचे वचन श्रुतीच्या विरुद्ध असेल तर ते सोडावे, हा एक नियम. त्याच्या पुढचा नियम अधिक बोलका आहे: वचनामागे लौकिक हेतू दिसत असेल तर ते प्रमाण मानू नये. भाष्यकार शबराने त्यासाठी दिलेले उदाहरण यज्ञातल्या वस्त्राचे आहे. एका होमाचे वस्त्र अध्वर्यूने घ्यावे असे वचन आहे. पण इथे पुरोहिताचा लोभच मूळ दिसतो, म्हणून या वचनाला वैदिक आधार मानण्याचे कारण नाही. म्हणजे ‘हे कुणाच्या फायद्याचे आहे?’ हा प्रश्न सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका कर्मकांडनिष्ठ पंडिताने धर्मवचनाला विचारला होता. तो त्याने फार थोड्या वचनांना विचारला, हे खरे. पण प्रश्न विचारण्याचा अधिकार परंपरेने नाकारलेला नव्हता.

परंपरेने बदलही नाकारलेला नव्हता. कलिवर्ज्ये म्हणून प्रसिद्ध असलेल्या यादीत पूर्वी धर्म्य असलेल्या आणि कलियुगात वर्ज्य ठरवलेल्या गोष्टी आहेत. नियोग, म्हणजे नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाकडून अपत्य मिळवण्याची प्रथा, आहे, मधुपर्कातला, म्हणजे पाहुण्याच्या सत्कारातला, गोवध आहे, वडील मुलाला वाटणीत मिळणारा जादा हिस्सा आहे, द्विजाचा समुद्रप्रवास आहे. भारतरत्न पां. वा. काणे यांनी ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या आपल्या ग्रंथात या यादीची सविस्तर छाननी केली आहे. या ग्रंथाचा पहिला खंड १९३० साली आणि पाचवा १९६२ साली निघाला. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात तर नियोगाला अनुज्ञा देणारे श्लोक आणि त्याची निंदा करणारे श्लोक लागोपाठ येतात. जुने टीकाकार यांचा समन्वय करतात. इतिहासाच्या दृष्टीने वाचणाऱ्याला मात्र तिथे एकमेकांवर बसलेले दोन थर दिसतात. एका समाजाने एक प्रथा सोडताना जुने वचन पुसले नाही, त्याच्या शेजारी नवे लिहिले. हे ज्याला दिसले त्याला मनुस्मृती एका माणसाची आज्ञा वाटत नाही. भांडणारी, बदलणारी माणसे त्यात दिसू लागतात.

धर्मकोशाच्या व्यवहारकांडाचा पहिला भाग १९३७ साली छापून निघाला. पण त्यामागच्या दृष्टीची कसोटी आधीच लागली होती. १९३२-३३ मध्ये गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना अस्पृश्यतेच्या प्रश्नावर शास्त्री-पंडितांशी त्यांची चर्चा चालू होती. लक्ष्मणशास्त्री त्या चर्चेत अस्पृश्यतानिवारणाच्या बाजूने उभे राहिले. १६ जून १९३३ रोजी पुण्यात पर्णकुटी या बंगल्यात देवदास गांधी आणि राजगोपालाचारींची कन्या लक्ष्मी यांचा विवाह झाला. वर वैश्य, वधू ब्राह्मण. म्हणजे शास्त्राच्या परिभाषेत प्रतिलोम, सर्वांत निषिद्ध. पौरोहित्य लक्ष्मणशास्त्र्यांनी केले. वाईच्या ओसरीवर पंक्ती लावून मिळवलेल्या विद्येचे हे प्रत्यक्ष फळ होते, असे म्हणायला हरकत नाही. ज्याने संपूर्ण धर्मशास्त्र काळाच्या क्रमाने वाचले, तो त्यातल्या एका थराला शेवटचा शब्द मानू शकत नव्हता.

इथे एक तात्त्विक सावधगिरी बाळगावी लागते, आणि उत्साही सुधारक ती अनेकदा बाळगत नाहीत. एखादी गोष्ट केव्हा आणि का सुरू झाली हे दाखवले, म्हणजे तिचे मोल ठरले असे होत नाही. उगम हीन होता म्हणून आशय खोटा ठरत नाही आणि उगम प्राचीन होता म्हणून तो खराही ठरत नाही. गणिताचे सूत्र व्यापाऱ्याने नफ्यासाठी शोधले असले तरी ते बरोबरच राहते. म्हणून ‘हे वचन अमुक शतकातले’ एवढे सांगून अभ्यासमंडळाचे काम संपत नाही, अर्धे होते. उरलेले अर्धे काम विचाराचे: आज, इथे, हे वचन पाळण्याला कारण आहे का? इतिहास वचनाला त्याच्या अढळपदावरून खाली आणतो आणि आपल्या पंगतीला बसवतो. त्याच्याशी बोलावे लागते ते पुढे.

श्रद्धा आणि चिकित्सा एकाच माणसात नांदू शकतात याचे उदाहरण मराठी माणसाला शोधत फिरावे लागत नाही. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली. तीनशे वर्षांत हातोहात नकला होताना तिच्यात अपपाठ शिरले. शके १५०६ मध्ये एकनाथांनी पोथ्या मिळवून, पाठ ताडून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते तिला या संशोधनाचाच आधार आहे. म्हणजे वारकरी परंपरा ज्या दिवशी आपल्या सर्वांत पूज्य ग्रंथाचा उत्सव करते, तो दिवस एका पाठचिकित्सेच्या पूर्णतेचा आहे. ग्रंथ पूज्य होता म्हणून तो जसा हाती आला तसा ठेवावा, असे नाथांना वाटले नाही. पूज्य होता म्हणूनच त्यातली चूक त्यांना सहन झाली नाही. फडावर पारायणाला बसणाऱ्या आणि पाठभेद ताडणाऱ्या माणसांत आज जे अंतर पडलेले दिसते, ते नाथांच्या पैठणला तेव्हा नव्हते.

आता हे ग्रंथ वाचायला कोण बसले होते, हा प्रश्न. तो टाळून या विषयावर प्रामाणिकपणे लिहिता येत नाही. वाईच्या ओसरीवर पंक्ती लावणारे बहुतेक ब्राह्मण पुरुष होते. ज्यांच्याविषयी स्मृतींनी सर्वांत कठोर नियम केले, त्या शूद्र-अतिशूद्रांना आणि स्त्रियांना ते नियम वाचण्याचाच अधिकार शतकानुशतके नव्हता. त्यांनी इतिहास वेगळ्या टोकाने वाचायला सुरुवात केली. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची, आणि त्याच वर्षी २४ सप्टेंबरला पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला. दशावतारांच्या कथा जोतीरावांनी जेते आणि जितांच्या संघर्षाचा इतिहास म्हणून वाचल्या. आजच्या संशोधनाला त्यातले तपशील मान्य होतील असे नाही, पण त्यांनी विचारलेला प्रश्न अचूक होता. ही कथा कुणी सांगितली, आणि जो हरला त्याने ती कशी सांगितली असती? सत्यशोधक समाजाच्या सभांत माळी, कुणबी, तेली, महार एकत्र बसून हा प्रश्न विचारत होते. शबराने यज्ञवस्त्रापुरता विचारलेला हेतूचा प्रश्न त्यांनी सगळ्या समाजरचनेला लावला.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. धर्मकोशाचा पहिला भाग निघण्याच्या दहा वर्षे आधी. ग्रंथ कालानुक्रमाने लावून त्याचे प्रामाण्य सैल करणारी वाईची वाट आणि तो जाहीरपणे नाकारणारी महाडची वाट, या दोन वाटा एकमेकींना छेद देतात असे अनेकांना वाटते. डॉ. आंबेडकरांचे लेखन वाचले तर तसे दिसत नाही. १९४६ सालचे ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ हे पुस्तक श्रुती-स्मृतींच्या बारीक वाचनावर उभे आहे. काण्यांच्या ग्रंथाचा आधार त्यांनी जागोजाग घेतला आहे. फरक एवढाच, की ज्याच्या पाठीवर वचनाचा आसूड पडला आहे त्याने आधी आसूड मोडावा आणि मग तो कुणी वळला याचा अभ्यास करावा, हे न्यायाचे आहे. वाईच्या मंडळींना ही घाई नव्हती, कारण त्यांच्या पाठीवर तो वळ नव्हता. अभ्यासमंडळात कोण बसले आहे यावर कोणता प्रश्न आधी विचारला जाईल हे ठरते. म्हणून मंडळाची बैठक कुणासाठी खुली आहे हा व्यवस्थेपुरता मुद्दा राहत नाही, तो ज्ञानाचाच भाग होतो.

तत्त्वज्ञान गावापासून तोडले तर काय होते, याची साक्ष खानदेशात मिळते. श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर उभारले. घ. रा. मलकानी, कृष्णचंद्र भट्टाचार्य, रासबिहारी दास यांच्यासारखे विचारवंत तिथे होते, आणि तिथून निघणाऱ्या त्रैमासिकाने भारतीय तत्त्वज्ञानाच्या अभ्यासात मानाचे स्थान मिळवले. वेदान्ताचे इतके सूक्ष्म विवेचन त्या काळी देशात फार थोड्या ठिकाणी होत असेल. पण १९२३ साली तिथे अभ्यासाला आलेले पांडुरंग सदाशिव साने तिथे रमले नाहीत. वर्षभरातच ते त्याच गावातल्या शाळेत शिक्षक झाले, आणि खानदेशच्या मुलांचे साने गुरुजी झाले. अमळनेरच्या विचारवंतांचे काम कमी प्रतीचे होते असे यावरून म्हणता येणार नाही. मात्र मंदिराच्या आवाराबाहेरच्या गिरणी कामगाराला आणि शेतकऱ्याला त्या विचारात वाटा नव्हता, आणि साने गुरुजींना तो वाटा हवा होता.

वाईची परंपरा पुढे मे. पुं. रेगे यांच्यापर्यंत आली. ‘नवभारत’ मासिकाचे आणि पाठशाळेचे काम सांभाळणारे रेगे पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. जुलै १९८३ मध्ये पुण्यात दया कृष्ण आणि इतरांबरोबर त्यांनी एक प्रयोग केला. इंग्रजी न जाणणारे न्यायशास्त्राचे पारंपरिक पंडित आणि इंग्रजीतून शिकलेले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक समोरासमोर बसले. बर्ट्रंड रसेलचे विधानविषयक विचार संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवले गेले आणि पंडितांनी ते पूर्वपक्ष म्हणून घेतले. ज्यांना इतिहासजमा झालेले मानले जात होते ते पंडित जिवंत विचार करताना दिसले. या चर्चेतून पुढे ‘संवाद’ नावाचा ग्रंथ झाला. रसेल पूर्वपक्ष होऊ शकतो, तर गावातल्या शेतकऱ्याचा किंवा कातकऱ्याचा देवाविषयीचा विचारही होऊ शकतो. हा प्रयोग अजून व्हायचा आहे.

तो करायला साधने हाताशी आहेत. वाईजवळ लोहारे गावाच्या हद्दीत बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या स्तूपाची पूजा पालपेश्वर महादेव म्हणून होते. कार्ल्याच्या चैत्यगृहासमोर एकवीरेचे देऊळ आहे. जुन्नरजवळ लेण्याद्रीला बौद्ध विहारात अष्टविनायकांतला गिरिजात्मज बसलेला आहे. जुन्नरच्या शिलालेखांत धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी आहे, कासारांची श्रेणी आहे, ईरिल, चिट आणि चंद या नावांचे तीन यवनही आहेत. या लेखांत कुठे पाण्याच्या टाक्याचे, कुठे भोजनमंडपाचे, कुठे जमिनीचे दान नोंदलेले आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी या घाटवाटा पायी तुडवत गेले आणि १९६२ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी देवतांची ठाणी, जुने व्यापारी मार्ग आणि लेणी यांचा संबंध उलगडला. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाच्या मुळाचा शोध घेताना गवळी-धनगरांच्या देवापर्यंत माग काढला आणि तो भक्तीला कुठेही धक्का न लावता काढला.

जुन्नरच्या एखाद्या मंडळाने रविवारी सकाळी लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर बसून हा विषय घ्यायचा ठरवले, तर त्यांचा संशय सरळ आहे: हे स्थान कुणाचे? एक म्हणेल, ज्यांनी कोरले त्यांचे. दुसरी म्हणेल, जे आज पायऱ्या चढून येतात त्यांचे. तिसरा म्हणेल, जुन्नरच्या लेण्यांना दान तर यवनांनी आणि धान्याच्या व्यापाऱ्यांनी दिले, त्यांची नावे शिलालेखांत आहेत. यात गणेशभक्ताने बौद्धांचा पक्ष आधी मांडावा आणि बौद्धाने गणेशभक्ताचा, दोघांनीही तो असा मांडावा की समोरच्याला ‘माझेच म्हणणे आहे हे’ असे वाटावे. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीचा पक्ष कोण मांडणार हेही ठरवावे लागेल, कारण त्यांच्या वतीने बोलायला आज तिथे कुणी येत नाही. शिलालेखांचे वाचन छापील मिळते, जुन्या गॅझेटियरमध्ये लेण्यांची मोजमापे मिळतात, देवस्थानाचे जुने कागद गावातच कुठे तरी असतील. मोडी वाचणारे कुणी मंडळात नसेल, तर पहिल्या बैठकीत एवढेच ठरावे की ती लिपी शिकायला कोण जाणार.